कारखाना संगणकात मावतो का?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलेले नाव ऐकून त्यांचा चेहरा जरा उतरला. 'व्यवसायसंस्थांचे संगणकीय प्रतिरूप तयार करण्यातील अडचणी' असे ते नाव होते. "हे फलकावर मावायचे नाही," असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते. तेव्हा फलकावर आपण जे सुटसुटीत नाव वाचलेत ते त्यांचे आहे. अडचणी मात्र माझ्या आहेत, आणि त्यांतल्या काही मी स्वतःच निर्माण केलेल्या आहेत, तेही आज कबूल करायचे ठरवून आलो आहे.

आपल्या तालुक्यात खोडदला त्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. अशा एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तेथील शास्त्रज्ञ आकाशातल्या स्पंदक ताऱ्यांचा वेध घेतात. असा तारा दर फेरीला एक ठोका देतो, आणि त्याचा पुढचा ठोका केव्हा येणार हे इतक्या बारकाईने सांगता येते की आपल्या भिंतीवरच्या घड्याळाने मान खाली घालावी. आता मी आपल्याला एक साधा प्रश्न विचारतो. एखाद्या साखर कारखान्याकडे ऊस नोंदवलेला आहे. तो येत्या हंगामात कोणत्या तारखेला तुटेल? हजारो प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याचे वेळापत्रक ज्याला सांगता येते त्या मानवाला चार कोसांवरच्या फडाची तारीख सांगता येत नाही. का येत नाही, हाच आजचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. इंग्रजीत ज्याला मॉडेल म्हणतात त्याला मी प्रतिरूप म्हणेन. घर बांधण्यापूर्वी गवंडी कागदावर आकृती काढतो, ते घराचे प्रतिरूप. त्यात विटा नसतात, रंग नसतो, पण दार कोठे येईल ते कळते. चूक दिसली तर कागदावर खोडता येते, भिंत पाडावी लागत नाही. संस्थेचेही असे प्रतिरूप करावे, ते संगणकात घालावे, 'दुधाचा दर दोन रुपयांनी वाढवला तर काय होईल', 'एक टँकर कमी केला तर काय होईल' असे प्रश्न त्याला विचारावेत, आणि उत्तर पाहून मगच खऱ्या संस्थेला हात लावावा, अशी ही कल्पना आहे. फार चांगली कल्पना आहे. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे मी तिच्यामागे घालवली, तेव्हा तिची निंदा मी करणार नाही.

या कल्पनेचा एक मोठा पुरस्कर्ता जे फॉरेस्टर हा अमेरिकन इंजिनिअर. आपल्याला तो जवळचा वाटेल, कारण तो नेब्रास्का प्रांतात गुरांच्या कुरणावर वाढला. पुढे त्याने संगणकाच्या स्मरणशक्तीवर मूलभूत काम केले, आणि १९५६ साली संगणक सोडून तो व्यवस्थापन शिकवणाऱ्या विद्यालयात आला. त्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकी प्रांतातल्या कारखान्यांत एक कोडे होते. तेथे घरगुती वापराची यंत्रे तयार होत. काही वर्षे कामगार तीन-तीन पाळ्यांत राबत, आणि मग दोन-तीन वर्षांत निम्म्यांना घरी बसवावे लागे. व्यवस्थापक म्हणत, बाजारात तेजीमंदी आहे, त्याला आपण काय करणार? फॉरेस्टरने वही-पेन्सिल घेतली आणि कामगार घेण्याचे, माल साठवण्याचे, मागणी नोंदवण्याचे त्यांचे स्वतःचे नियम विचारून घेतले. मग आठवड्यामागून आठवडा असा हिशोब मांडला. बाहेरची मागणी अगदी स्थिर धरली, तरी कामगारांची संख्या वर-खाली होतच राहिली. हा झोका त्यांच्याच नियमांतून आणि त्या नियमांतल्या विलंबातून निर्माण होत होता. १९६१ साली या विषयावर त्याचा ग्रंथ निघाला.

आता हा विलंब म्हणजे काय ते मी राजुरीत शिकवायला नको. नारायणगावच्या बाजारात २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. ते पाहून ज्यांनी रोपे लावली त्यांचे फळ तोडायला दोन-अडीच महिने लागणार. तोपर्यंत त्यांच्यासारख्याच हजारोंचे फळ बाजारात उतरले, आणि सप्टेंबर येईतो भाव असे कोसळले की कित्येकांना तोडणीची मजुरीही परवडेना. येथे कोणी मूर्ख नव्हते. प्रत्येकाने समोर दिसलेल्या भावावर शहाणपणाने निर्णय घेतला. पण तो भाव जुना होता, आणि निर्णयाचे फळ नव्या बाजारात आले. फॉरेस्टरच्या कारखान्याची गोष्ट हीच आहे, फक्त तेथे टोमॅटो नव्हते.

हे ऐकून वाटते, मग अडचण ती काय? नियम विचारावेत, विलंब मोजावा, हिशोब संगणकाला द्यावा. तरुणपणी मलाही असेच वाटत असे.

पहिली अडचण अशी की संस्थेला 'तुला काय हवे?' असे विचारायचे कोणाला? अर्थशास्त्राची जुनी पुस्तके सांगत की संस्थेला जास्तीत जास्त नफा हवा असतो. हर्बर्ट सायमन या विद्वानाने १९४७ च्या आपल्या ग्रंथात या समजुतीला धक्का दिला. १९७८ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की माणसाकडे सगळी माहिती नसते, सगळा वेळ नसतो, म्हणून तो सर्वांत उत्तम पर्याय शोधत बसत नाही. 'बरा आहे' इतपत पर्याय सापडला की थांबतो. मुलीला स्थळ पाहताना आपण काय करतो ते आठवा.

सायमनच्या वर्तुळातल्या सायर्ट आणि मार्च या दोघांनी १९६३ साली यापुढचे पाऊल टाकले. ते म्हणाले, संस्था ही एक व्यक्ती नाहीच, ती निरनिराळे हेतू असणाऱ्या लोकांची आघाडी आहे. त्यांनी एका मोठ्या दुकानातल्या किंमत ठरवणाऱ्या माणसाचे आडाखे विचारून संगणकात घातले. खरेदीवर इतके टक्के चढवायचे, शेवटचा आकडा असा ठेवायचा, माल पडून राहिला की इतका उतरवायचा. संगणकाने शंभरात नव्वदांहून अधिक वस्तूंच्या किमती पैपर्यंत बरोबर सांगितल्या. हा प्रयोग मी वाचला तेव्हा मला रात्री झोप आली नाही. आज मात्र त्यातली दुसरी बाजू दिसते. तो एका दुकानातला एक विभाग होता, ठरावीक आडाख्याने चालणारा होता, आणि रोजचे दिवस होते. तेवढ्यापुरते ते प्रतिरूप चोख होते.

आता माझी गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तो आपल्या तालुक्यातला नव्हे, जिल्ह्यातलाही नव्हे. दिवसाला अडीच हजार टन गाळप करणारा मध्यम कारखाना होता. शेतकी खात्याकडे लागवडीच्या नोंदी होत्या: नाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागवडीची तारीख, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा. मला काम दिले ते असे की तोडीचा कार्यक्रम संगणकाने लावून द्यावा. ऊस पक्व झाला की तुटावा, तुटल्यावर लवकर गव्हाणीत पडावा, वाहतूक कमी व्हावी, आणि साखर उतारा वाढावा.

मी आठ महिने काम केले. माहिती स्वच्छ करण्यातच चार गेले. एकाच शेतकऱ्याचे नाव तीन प्रकारे लिहिलेले, अर्धा एकर लावलेला आणि एक एकर नोंदवलेला, कारण नोंद आधी झाली तर नंबर आधी लागतो, अशी सगळ्यांची समजूत. पण शेवटी प्रतिरूप उभे राहिले. मागच्या हंगामाच्या तारखा त्यात घातल्या, थोडे आकडे इकडेतिकडे केले, आणि मागचा हंगाम जवळजवळ जसाच्या तसा बाहेर आला. येथे मी पहिली चूक केली. मागचा हंगाम जुळला म्हणजे पुढचा जुळेल असे मी धरले. वास्तविक पुरेसे आकडे इकडेतिकडे करू दिले तर मी आपल्याला राजुरीच्या जत्रेतल्या पाळण्यावरूनही साखर उतारा जुळवून देईन. जुळणे निराळे आणि कारण सापडणे निराळे.

हंगाम सुरू झाला. पहिला पंधरवडा बरा गेला. मग संगणक म्हणे आज अमक्या फडात टोळी जाईल, आणि टोळी भलत्याच फडात दिसे. मी शेतकी खात्याला विचारले. ते म्हणाले, चिटबॉयला विचारा. चिटबॉय म्हणजे फडावर तोडीची चिठ्ठी देणारा पोरगा. माझ्या प्रतिरूपात तो नव्हताच. कारखान्याच्या कागदावर त्याला काही निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता, म्हणून मी त्याला एक टपालपेटी समजलो होतो. त्याच्या दुचाकीवर मागे बसून मी चार दिवस हिंडलो तेव्हा मला कारखाना दिसला.

त्याने दाखवले ते असे. अमक्याच्या फडाला वाट नाही, शेजाऱ्याचा ऊस तुटल्याशिवाय गाडी आत जात नाही. तमक्याने परवाच पाणी सोडले, आता आठ दिवस ट्रॅक्टर रुतेल. या टोळीचे मुकादम आणि त्या टोळीचे मुकादम एका पाणवठ्यावर उतरत नाहीत. उतरलेला, लोळलेला ऊस तोडायला जोडप्यांना दुप्पट वेळ लागतो आणि टनाचा दर तोच, म्हणून ते तो फड टाळतात. आणि मग अगदी खालच्या आवाजात: काही ठिकाणी टोळीला खुशाली द्यावी लागते, ड्रायव्हरला एन्ट्री द्यावी लागते, ज्याने दिली त्याच्याकडे कोयते आधी जातात. येथे तोडकऱ्यांना दोष देणे सोपे आहे. वर्षाची उचल घेऊन, लेकरेबाळे कोपीत ठेवून, पहाटे चारला थंडीत कोयता हातात घेणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. त्याचाही एक हेतू आहे, आणि तो माझ्या सूत्रात कोठेच नव्हता.

हेतूंचाच हिशोब घ्या. कारखान्याला उतारा हवा. शेतकऱ्याला वजन हवे, तुरा येण्यापूर्वी तोड हवी, आणि रान लवकर मोकळे हवे. तोडकऱ्याला उभा, दाट, रस्त्याकडेचा ऊस हवा. वाहतूकदाराला खेपा जास्त व्हायला हव्यात. संचालकाला आपल्या गटातली बोंब थांबायला हवी. आणि मी संगणकाला सांगितले होते, 'उतारा वाढव.' संगणक आज्ञाधारक. त्याने काय केले? लांबचे, आडवाटेचे, एक-दोन एकराचे तुकडे शेवटी ढकलले. त्याच्या हिशोबाने ते बरोबरच होते. हजारो टनांत त्या तुकड्यांनी उताऱ्यात किती फरक पडणार?

मार्चच्या सुरुवातीला कारखान्याच्या कचेरीत एक वृद्ध शेतकरी आला. तो मला ओळखत नव्हता, पण संगणकवाला साहेब कोण ते त्याला कोणीतरी दाखवले. तो म्हणाला, "साहेब, ह्या तुमच्या यंत्रात माझा एक एकर कुठं हाय?" मी म्हणालो, "आहे बाबा, यादीत आहे." त्याला पडदा दाखवला. खाली, खाली, आणखी खाली जाऊन त्याचे नाव सापडले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "पयल्यांदा निदान कोणाला शिव्या द्यायच्या ते ठाऊक व्हतं."

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तुरा आलेल्या उसाचे वजन घटते, तो नुकसानीत गेला हे खरे. पण त्याच्या बोलण्यात आणखी काही होते. पूर्वी नंबर मागे पडला तर तो शेतकी अधिकाऱ्याशी भांडू शके, संचालकाच्या दारात बसू शके. आता कचेरीतला प्रत्येकजण म्हणू लागला, 'आम्ही काय करणार, संगणकाने लावले.' मी कारखान्याचे प्रतिरूप करायला गेलो होतो, आणि ते कारखान्यातल्या माणसांना लपायची जागा झाले. ताऱ्याचे गणित मांडले म्हणून तारा आपला ठोका बदलत नाही. संस्थेचे गणित मांडले की संस्थेतले लोक ते वाचतात आणि त्याप्रमाणे वागणूक बदलतात. पुढच्या वर्षी कित्येकांनी लागवडीची तारीख पंधरा दिवस मागची लिहून दिली. का, ते आपल्याला सांगायला नको.

यातून मार्ग शोधणारे लोक आपल्या जवळच, पुण्यात आहेत, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. टाटांनी १९८१ साली पुण्यात एक संशोधन केंद्र काढले, टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर. तेथील विनय कुलकर्णी, सौविक बराट आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी टोनी क्लार्क व बलबीर बार्न यांनी संस्थांच्या प्रतिरूपासाठी एक स्वतंत्र संगणकभाषाच रचली. तिचा विचार नाटकासारखा आहे. फॉरेस्टर वरून पाहत होता: इतका साठा, इतका ओघ. हे लोक खालून सुरुवात करतात. प्रत्येक माणूस, प्रत्येक खाते हे एक पात्र. त्याला स्वतःचा हेतू, स्वतःची आठवण, आणि दुसऱ्याचा निरोप आला की काय करायचे याचे स्वतःचे नियम. त्यांतले काही नियम 'बहुधा असे करील' अशा धर्तीचे. मग पात्रांना रंगमंचावर सोडायचे आणि काय घडते ते पाहायचे. संस्थेचा एकूण स्वभाव कोणी लिहून ठेवत नाही, तो पात्रांच्या देवघेवीतून आपोआप वर येतो.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आपण कोणी विसरलेलो नाही. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि रांगा लागल्या. या मंडळींनी त्या प्रसंगाचे असे खालून वर जाणारे प्रतिरूप केले आणि २०१७ साली ते विद्वानांपुढे मांडले. पुढे करोनाच्या साथीत त्यांनी पुणे शहराचेच असे प्रतिरूप उभे केले. सरासरी माणूस धरला की रांग दिसत नाही. घाबरून आज जास्त पैसे काढून ठेवणारा आणि उद्या पाहू म्हणणारा, असे दोघे वेगळे धरले की रांग दिसू लागते.

तरी अडचणी संपल्या असे त्यांचेही म्हणणे नाही. संस्थेबद्दलची माहिती कधीच एका ठिकाणी नसते. थोडी कागदावर, थोडी तक्त्यांत, आणि बरीचशी कोणाच्या तरी डोक्यात. ज्याच्या डोक्यात ती असते त्याला ती आपल्याकडे आहे हेही ठाऊक नसते, माझ्या चिटबॉयला कोठे ठाऊक होते! आणि किती बारकावे घ्यायचे? थोडे घेतले तर वाट नसलेला फड सुटतो. सगळे घेतले तर प्रतिरूप खऱ्या कारखान्याइतकेच गुंतागुंतीचे होते, आणि मग ते समजून घ्यायला आणखी एक प्रतिरूप लागते! माझ्या मते याला एकच उपाय आहे. आधी प्रश्न ठरवावा आणि प्रश्नापुरतेच घ्यावे. 'कारखान्याचे प्रतिरूप करा' असे कोणी सांगितले तर काम घेऊ नये. 'शेवटच्या महिन्यात लहान शेतकऱ्याचा ऊस का राहतो' असे विचारले तर घ्यावे.

तोच प्रश्न मी दुसऱ्या वर्षी घेतला, स्वतःच्या मनाने. चिटबॉयांच्या बैठका घेतल्या, दोन मुकादमांना चहाला बोलावले, वाटेचा रकाना केला, पाण्याच्या पाळीचा केला, लोळलेल्या उसाचा केला. आणि खुशालीचा एक रकाना केला. नावे नाहीत, फक्त आकडा. तो घातल्यावर प्रतिरूप आणि प्रत्यक्ष तोड इतकी जवळ आली की मला त्या दुकानाच्या प्रयोगाची आठवण झाली.

हंगामापूर्वी कचेरीत बैठक झाली. सगळे रकाने पसंत पडले. खुशालीवर बोट ठेवून एकजण म्हणाले, "हा प्रकार आपल्याकडे नाही." कोणी काही बोलले नाही. चहा आणणारा मुलगासुद्धा दाराशी थबकला होता. हा प्रकार तेथे होता हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, पण कारखान्याच्या कागदावर तो आला असता तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागले असते. मी रकाना काढून टाकला. काढायला नको होता असे आज वाटते. पण तेव्हा माझे बिल बाकी होते, हेही सांगितले पाहिजे.

त्या हंगामात त्या वृद्ध शेतकऱ्याच्या एक एकराला संगणकाने फेब्रुवारीचा दुसरा आठवडा दिला होता. ऊस तुटला २१ मार्चला. दोन्ही तारखा माझ्या वहीत शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा मी येथे थांबतो. वही बरोबर आणली आहे, कोणाला पाहायची असेल तर व्याख्यानानंतर जरूर यावे.